तुळशीरामजींची तक्रारवही

तुळशीरामजी पाथोडे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते मांडीवर पुठ्ठ्याचे खोके घेऊन आमच्या शाळेच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. तिरोड्याच्या मुलींच्या शाळेत मी नुकतीच मुख्याध्यापिका झाले होते आणि मधल्या सुट्टीआधी कोणत्याही विक्रेत्याला आत घ्यायचे नाही, हा नियम माझाच होता. ते दोन तास बसून राहिले. सुट्टी झाल्यावर मी त्यांना बोलावले आणि खोके उघडायला सांगितले. आत बारा कप होते. पांढरे, साधे, एकावरही फूल नाही की सोनेरी रेघ नाही. शाळेला कप नको आहेत, असे मी सांगून टाकले. त्यावर ते शांतपणे म्हणाले की ते विकायला आलेलेच नाहीत. पोळा नुकताच झाला होता. शिक्षिकांनी हे कप दिवाळीपर्यंत वापरावेत आणि त्यांत काय वाईट आहे तेवढे सांगावे, अशी त्यांची विनंती होती.

कोणी असे काही सांगत आले की मला संशय येतो. यात तुमचा फायदा काय, असे मी सरळ विचारले.

"चुका भेटतीन ना, बाई," ते म्हणाले. "घरी बसून आपल्याच कपातल्या चुका दिसत नाई."

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी ते हजर झाले. आधी कोणालाही काही न विचारता त्यांनी कप उलटे करून तळाचे ओरखडे पाहिले, काठावरून नख फिरवले, आत डोकावले. मग विचारले, तुमच्यात डावखुरे कोण आहे? भूगोलाच्या शिक्षिका डावखुऱ्या होत्या. मी मुख्याध्यापिका होण्याआधीपासून, चार वर्षे त्या माझ्यासमोर वावरत होत्या, पण मला ते लक्षात आले नव्हते. प्रत्येकीने आपापल्या कपाखाली खूण करून ठेवली होती, त्यामुळे एक कप एकीच्याच हातात राहिला होता. एका कपात चमच्याने उठलेल्या करड्या रेघा इतरांच्या उलट बाजूला आहेत, एवढ्यावरून तुळशीरामजींनी ओळखले होते.

नंतर त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. कान तापतो, तळाच्या कडेला चहा उरतो, कप एकावर एक नीट बसत नाहीत, अशी एकेक तक्रार त्यांनी नावासकट लिहून घेतली. विज्ञानाच्या शिक्षिका म्हणाल्या, "बाकी कप दिसायला फार सुंदर आहेत हो." तुळशीरामजींनी पेन वर धरले आणि म्हणाले, "ते राहू द्या." स्तुती ते वहीत लिहीत नाहीत. आज त्यांच्याकडे अशा वह्यांची एक अख्खी फळी भरली आहे आणि त्या सगळ्या तक्रारींच्याच आहेत.

अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथात त्यांच्या कलेविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. मी कलेची जाणकार नाही. मी त्यांची भांडी तीस वर्षे वापरली आहेत, तेवढ्या अधिकारावर हे लिहीत आहे.

तुळशीरामजींचा जन्म चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या घरातला. मॅट्रिकनंतर ते परप्रांतात एका कारखान्यात लागले. विजेच्या खांबांवर तारा ज्यांना बांधतात, ते चिनी मातीचे इन्सुलेटर तिथे होत. बावीस वर्षे त्यांनी ते काम केले. चिनी माती, म्हणजे आज ज्याला सगळे पोर्सेलिन म्हणतात ती, त्यांच्या हातात बसली ती तिथे. चाळिशीच्या सुमारास ते गावी परतले आणि घराच्या मागे भट्टी उभारली. गावाला हे काही समजेना. मातीचीच भांडी करायची तर रांजण-मडकी सोडून हे पांढरे कायले, असे लोक तोंडावर विचारत. त्यांनी कोणाशी वाद घातल्याचे मला माहीत नाही. ज्याने विचारले त्याच्या घरी ते एक वाटी वापरायला देऊन येत.

आधी वापरायला द्यायचे, तक्रारी घ्यायच्या आणि मगच विकायचे, ही त्यांची रीत कारखान्यातून आलेली आहे. प्रत्येक इन्सुलेटर तिथे विजेच्या दाबाखाली तपासला जाई. मी एकदा विचारले की कपाला एवढी परीक्षा कशाला, कपाने कोणी मरत नाही. ते म्हणाले की खांबावर चढणाऱ्या माणसाने तो इन्सुलेटर कोणी केला ते कधी विचारले नाही, भरवसा ठेवला. कप तोंडाला लावणाराही तसाच भरवसा ठेवतो. हे वाक्य मी पुढे विसरले. त्याचे काय झाले ते खाली येईल.

त्यांच्या भांड्यांचा पांढरा रंग बाजारातल्या कपबशीसारखा डोळ्यांवर येत नाही. तो तांदळाच्या पेजेसारखा आहे. आपल्याकडे राईस मिल गावोगावी आहेत आणि कोंड्याची राख ढिगाने पडून असते. ती राख धुऊन, चाळून ते भांड्यांवरच्या चकचकीत लेपात, म्हणजे ग्लेझमध्ये, वापरतात. ज्या राखेने आपल्या अंगणातले कपडे खराब होतात म्हणून आपण मिलवाल्यांच्या नावाने बोटे मोडतो, तीच राख आपल्या ताटाला चकाकी देते, हे मुलींना कळावे म्हणून मी दरवर्षी आठवीच्या वर्गाला त्यांच्याकडे नेत असे. नागझिऱ्याकडच्या गावांतून वसतिगृहात आलेल्या मुली त्यात असत. एका वर्षी त्यांनी आमच्यासमोर भट्टीतून निघालेली एक बशी फोडली. एक मुलगी न राहवून म्हणाली, "एवढी चांगली दिसून राह्यली होती, फोडली काऊन?" त्यांनी दुसऱ्या दोन बश्या तिच्या कानाशी धरल्या आणि टिचकी मारली. एक घंटीसारखी वाजली, दुसरी बद्द, म्हणजे आत न दिसणारा तडा असलेली. बद्द वाजलेली त्यांनी तिच्याच हातात दिली आणि म्हणाले, आता तू ठरव. तिने ती फोडली. ती मुलगी आज परिचारिका आहे. औषधाची बाटली आधी उजेडाला धरून पाहते, असे तिने मला सांगितले.

मोठ्या शहरांतल्या प्रदर्शनांत त्यांची भांडी गेली आहेत. अशा एका ठिकाणची हकिकत शकुंतलावहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मला सांगितली. कप उंच चौथऱ्यांवर मांडले होते आणि समोर 'हात लावू नये' अशा पाट्या होत्या. तुळशीरामजींनी पाट्या काढल्या आणि शेजारच्या टपरीवरून चहा मागवून आलेल्यांना त्याच कपांतून दिला. संध्याकाळपर्यंत दोन कप फुटले आणि वहीची चार पाने भरली. वहिनी म्हणाल्या, "आयोजकाईचं तोंड पाहासारखं झालं होतं. आन् आमच्या यायले वाटे, प्रदर्शन आता सुरू झालं."

आता माझ्या चुकीविषयी. गौरवग्रंथात दोष सांगायचे नसतात असे संपादक मंडळाने कळवले आहे, पण तो नियम गौरवमूर्तींच्या दोषांपुरता असावा असे मी समजते.

निवृत्तीनंतर मी आणि माझी आई अशा दोघीच घरी असू. आईने ऐंशी ओलांडली होती. तिचे हात कापत आणि स्टीलच्या पेल्यातला चहा ती पदराने धरून पिई. तुळशीरामजी एकदा घरी आले असताना त्यांनी ते पाहिले. महिनाभराने एक कप घेऊन आले. त्याला दोन्ही बाजूंना कान होते, तळ जाड होता आणि काठ किंचित आत वळलेला. आईला रोज वापरायला द्या आणि पोळ्यापर्यंत काय ते सांगा, असे म्हणून ते गेले.

त्यांनी केलेली इतकी देखणी वस्तू मी तोवर पाहिली नव्हती. आईच्या हातून ती फुटेल, या भीतीने मी ती काचेच्या कपाटात ठेवली. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या ढालीशेजारी. आई म्हणाली, "माह्यासाठी आनला ना तो? मंग त्याले कायले कोंडून ठेवलं, मास्तरीन?" मी लक्ष दिले नाही. पोळ्याला तुळशीरामजींनी विचारले, कसा आहे? मी म्हटले, छान आहे, काही तक्रार नाही.

पस्तीस वर्षे मुलींना खोटे बोलू नका म्हणून छड्या दिलेल्या बाईने हे उत्तर दिले. आणि त्या उत्तरावर विसंबून तुळशीरामजींनी तसे चाळीस कप केले आणि एका रुग्णालयाच्या वृद्धांच्या कक्षाला पाठवले.

दोन महिन्यांत सगळे परत आले. सुजलेली बोटे कानात शिरत नव्हती. आत वळलेल्या काठामुळे शेवटचा घोट घ्यायला मान फार मागे टाकावी लागे, आणि म्हाताऱ्या माणसांना ती टाकता येत नाही. चहा हनुवटीवरून अंगावर सांडे. एका आजोबांची छाती पोळली होती. फार नाही, पण पोळली होती. तुळशीरामजी तो निरोप घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, तुमच्याकडचा कप जरा दाखवा. मला कपाट उघडावे लागले. त्यांनी कप उलटा केला. तळावर एकही ओरखडा नव्हता.

त्यांनी तळावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "बाई, तुमी तर पेपर न तपासताच मले पास करून टाकलं."

आवाज चढलेला नव्हता. कप त्यांनी परत माझ्या हातात दिला, चहा घेतला आणि गेले. मी त्यांची क्षमा मागितली नाही. मागता आली नाही, हे जास्त खरे. यानंतर ते माझ्याकडे येणार नाहीत आणि त्यांनी येऊही नये, असे माझे मत झाले.

चारेक महिन्यांनी आईला लकवा झाला. उजवी बाजू गेली, तोंड उजवीकडे ओघळले. बोलणे जड झाले तरी समजत होते. दवाखान्यातून घरी आणल्यावर तिने तोंड मिटून घेतले. मी चमचा पुढे केला की ती मान फिरवी. दिवसाकाठी चार-सहा चमचे जात, तेही भांडणानंतर. डॉक्टरांनी तपासून सांगितले की गिळण्यात दोष नाही, त्या स्वतःच घेत नाहीत. दहा दिवस सलाइनवर पाहू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. आईने ते ऐकले. डॉक्टर गेल्यावर ती मला म्हणाली, "नळी नोको. आन् तूही मले भरवू नोको. मी लेकरू नोहो."

बाजाराच्या दिवशी ही बातमी शकुंतलावहिनींच्या कानावर गेली. मी तुळशीरामजींना कळवले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सायकलवरून आले. आल्या आल्या त्यांनी कपाटाकडे पाहिले नाही, मागच्या गोष्टीचा एक शब्द काढला नाही. आईच्या खाटेजवळ बसले आणि ओल्या मातीचा गोळा तिच्या डाव्या हातात ठेवून म्हणाले, दाबा.

"खेळाले देऊन राह्यला का रे, बापू?" आई म्हणाली.

"नाई जी. माप घेऊन राह्यलो."

आईने सारी ताकद लावून तो गोळा दाबला. चार बोटांची आणि अंगठ्याची खोल खूण उठली. मग त्यांनी रिकामा पेला तिच्या तोंडाला लावायला सांगितला आणि मान किती मागे जाते, नाक काठाला कुठे लागते, हे बाजूने पाहत राहिले. वहीत आकृत्या काढल्या. गोळा फडक्यात गुंडाळून नेला. चिनी मातीचे भांडे भट्टीत आटते. ओले असताना आठ बोटांचे असेल तर सात बोटांचे होऊन निघते. म्हणून प्रत्येक माप तेवढे वाढवून धरावे लागते आणि घाईने वाळवले तर ते तडकते. त्यांच्याकडे पुरते दहा दिवसही नव्हते. हाती असलेली सगळी कामे बाजूला ठेवून त्यांनी चाचणीची लहान भट्टी लावली, हे वहिनींनी मला पुढे सांगितले.

डॉक्टरांच्या मुदतीच्या नवव्या दिवशी ते तीन कप घेऊन आले. आदल्याच दिवशी डॉक्टरांचा माणूस नळी आणून ठेवून गेला होता. ती खिडकीत होती. मी पेज कोमट करून आणली.

पहिला कप आईने उचलला आणि अर्ध्यावर आणून खाली ठेवला. जड होता. दुसऱ्यातली पेज ओघळलेल्या कोपऱ्यातून गळ्यावर आली. मी फडके घेऊन पुढे झाले, तर तुळशीरामजींनी मला हाताने थांबवले. आई स्वतःच डाव्या हाताने हनुवटी पुसत होती. तिसरा कप विचित्र दिसत होता. त्याचा एकच कान होता आणि तो आईच्या मुठीच्या खुणेवरून केलेला, जाड, वाकडा. तोंडाच्या डाव्या कोपऱ्याशी येईल असा एका जागी काठाचा ओठ काढला होता. आणि पलीकडचा काठ नाकासाठी चंद्रकोरीसारखा खोल कापला होता, म्हणजे मान मागे टाकायची गरजच उरत नव्हती.

आईने तो फिरवून पाहिला. "याचा काठ कोनं खाल्ला?" तिने विचारले.

तुळशीरामजी म्हणाले, "पिऊन तं पाहा जी."

तिने कप उचलला, ओठ डाव्या कोपऱ्याशी लावला आणि मान तशीच सरळ ठेवून पेज प्यायला लागली. मधे दोनदा थांबली. कप खाली ठेवला नाही. संपल्यावर तिने कप मांडीवर टेकवला आणि आत पाहिले.

"कान खरबरीत हाये," ती म्हणाली. "आन् पेज पातळ हाये."

तुळशीरामजींनी वही उघडली आणि दोन्ही तक्रारी लिहून घेतल्या. दुसरी माझ्याविषयी होती, तरी लिहिली.

त्यानंतर आई अडीच वर्षे होती. नळी आली तशी परत गेली. शेवटच्या आठवड्यापर्यंत तिने चहा, पेज आणि वरणाचे पाणी स्वतःच्या हाताने घेतले आणि कोणालाही भरवू दिले नाही. दर पंधरा दिवसांनी तुळशीरामजी येत आणि ती त्यांना फैलावर घेई. त्या वहीत तिच्या नावावर एकोणीस तक्रारी आहेत. त्यांप्रमाणे सुधारत गेलेला कप पुढे त्यांनी त्याच रुग्णालयाला दिला. आधी मात्र त्यांनी एकच कप दिला, महिनाभर, आणि स्वतः जाऊन त्याचा तळ पाहिला. मग बाकीचे. तिथल्या परिचारिका त्याला 'आजीकप' म्हणतात. कोणती आजी, हे त्यांना माहीत नाही आणि माहीत असण्याचे कारणही नाही.

अशा माणसाविषयी 'थोर' वगैरे शब्द वापरण्याची मला सवय नाही. त्यांचे दोष मी पाहिले आहेत. ते पत्राला उत्तर देत नाहीत. न कळवता येतात. जेवायला बसले की ताट उलटे करून पाहतात, मग ते कोणाच्याही घरचे असो. परंतु एखाद्याने आपल्याला फसवल्यावर त्याच्याच घरी, त्याच्याच माणसासाठी, मागचे काही न काढता येऊन बसणे, हे मी शिकवलेल्या कोणत्याही पाठात नव्हते. ते मी त्यांच्याकडून पाहिले, वयाच्या साठीनंतर.

या ग्रंथासाठी छायाचित्रे घ्यायला मी मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेले होते. त्यांची नजर मंदावली आहे, चाकावर ते पूर्वीएवढे बसत नाहीत, पण रोज बसतात. ते भट्टीकडे गेले तेव्हा मी फळीवरून ती जुनी वही काढली. आईच्या पानाच्या आधी, पोळ्याच्या नोंदींत, एक ओळ होती: 'बाई छान म्हणतात.' स्तुती न लिहिणाऱ्या माणसाच्या वहीतली ती एकच स्तुती, आणि ती खोटी. मी त्यांना म्हटले, ही ओळ खोडा. ते म्हणाले, "राहू द्या जी. मी बी तवा तळ न पाहताच निघालो होतो. माही बी चूक हाये त्यात."

मग आतून त्यांनी एक कप आणला आणि माझ्यासमोर ठेवला. माझ्या बोटांचे सांधे आता सुजतात. हे मी त्यांना कधी सांगितलेले नाही. कान रुंद होता आणि अंगठ्यासाठी वर एक सपाट जागा होती. मी विचारले, केव्हापर्यंत सांगू? पोळ्यापर्यंत की दिवाळीपर्यंत?

"आता घाई नाई, बाई," ते म्हणाले. "सांधे हळूहळू बदलतेत. पाच-सहा वर्स वापरा, मंग एकदम सांगा."

तो कप मी रोज सकाळ-संध्याकाळ वापरते. घासताना एकदा नळावर आपटला, टिकला. तळावर ओरखडे उठू लागले आहेत. एक तक्रार आत्ताच तयार आहे, अंगठ्याची जागा ओल्या हाताला निसरडी होते. बाकीच्या तक्रारी सापडायला त्यांनी सांगितलेली सहा वर्षे लागतील आणि मी त्या पुऱ्या तपासल्याशिवाय सांगणार नाही. तेव्हा तुळशीरामजींनी तोवर प्रकृती सांभाळावी, डोळ्यांचे औषध वेळेवर घालावे आणि ऐंशी ओलांडून माझ्या व्हरांड्यात येऊन बसावे. वही त्यांनी आणावी. पेपर या वेळी तपासलेला असेल.